रीस्टार्ट करू नका

पूर्वीला कामासाठी फोन करणारे लोक दोन प्रकारचे असत. एक, मशीन बंद पडल्याबरोबर फोन करणारे. दुसरे, बंद पडलेलं मशीन आधी स्वतः 'नीट' करून मग फोन करणारे. डॉक्टर कीर्ती यांची पॅथॉलॉजी लॅब दुसऱ्या प्रकारात मोडत होती आणि त्याचं सगळं श्रेय त्यांचे यजमान इंद्रजीत यांना जात होतं.

पूर्वी कामोठ्याच्या जुन्या गावातली. ऐरोलीच्या एका कंपनीत काही वर्षं सर्व्हर सांभाळून ती कंटाळली आणि पनवेलमध्येच स्वतःचं काम सुरू केलं. दवाखाने, क्लासेस, गोदामं, जिथे म्हणून कोपऱ्यात एखादा लिनक्सचा सर्व्हर घुमत असेल तिथे तो घुमता ठेवायचा, हे तिचं काम. आई शेजारणींना सांगायची, "लोकांचे डबे बघायला जाते." शेजारणींना बरेच दिवस वाटत होतं की पूर्वीने जेवणाच्या डब्यांचा धंदा काढलाय.

"सर्व्हर गोठतो," डॉक्टर कीर्ती फोनवर म्हणाल्या. "कधी सकाळी, कधी दुपारी. मध्येच स्क्रीन थिजते. रिपोर्ट उघडत नाही, छापला जात नाही. मग आपोआप चालू होतो, नाहीतर आम्ही रीस्टार्ट करतो."

"रीस्टार्ट कोण करतं?"

"ज्याचा हात आधी पोचेल तो."

लॅब जुन्या पनवेलमध्ये, वडाळे तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. खाली औषधांचं दुकान, पहिल्या मजल्यावर लॅब, दुसऱ्यावर डॉक्टरांचं घर. पूर्वी पोचली तेव्हा सर्व्हर छान चालू होता. तिने तो बसून तपासला. मेमरी भरपूर, प्रोसेसर निवांत, डिस्क ठणठणीत. मशीनच्या नोंदींमध्ये बघावं तर दर थोड्या वेळाने एकच गोष्ट: चालू झालो, चालू झालो, चालू झालो. मरायच्या आधी काय झालं ते सांगायला तो जिवंतच राहत नव्हता.

"लाइटचा प्रॉब्लेम असेल," मागून आवाज आला. इंद्रजीत. उंच, गळ्यात जाडशी साखळी, बांधकामाचा व्यवसाय. बायकोच्या लॅबमधलं सगळं वायरिंग, नेटवर्क, कॅमेरे त्यांनी स्वतः व्हिडिओ बघून बसवलेले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. "मी यूपीएस बदलला. एसी बदलला. मशीनला नारळ पण फोडला. विंडोज असतं तर मी समजू शकलो असतो, पण हे लिनक्स ना? लिनक्स हँग होत नाही म्हणतात."

"होतं दादा. फक्त कारण सांगून होतं. आपण त्याला सांगू दिलं पाहिजे."

मग तिने रिसेप्शनवरच्या दिपिकाला गाठलं. रीस्टार्टच्या बटणावर सगळ्यात आधी पोचणारा हात दिपिकाचा होता. तिच्यासमोर पेशंट उभे असायचे, ते काही प्रोसेसर बिसेसर ऐकून घेणारे नव्हते.

"पुढच्या वेळी गोठला की बटण दाबायचं नाही. मला फोन करायचा आणि त्याला तसाच ठेवायचा."

"आणि पेशंट?"

"त्यांना सांग, पाच मिनिटं."

"ताई, पनवेलमध्ये पाच मिनिटं कोणी ऐकून घेत नाही," दिपिका म्हणाली. पण तिने एका कागदावर 'रीस्टार्ट करू नका' असं लिहून बटणावर चिकटवलं. त्याच्या खाली इंद्रजीतनी लगेच 'हुकमावरून' असं जोडलं.

दिपिकाचा फोन आला तेव्हा पूर्वी भाजी निवडत होती. स्कूटर काढून ती निघाली. घरी बसूनही तिला लॅबचा सर्व्हर बघता येई, पण गोठलेल्या मशीनमध्ये बाहेरून शिरताच येत नव्हतं, दार वाजवत राहायचं आणि आतून कोणी ओ द्यायचं नाही.

लॅबमध्ये गर्दी होती. काउंटरपाशी एक सडपातळ माणूस दोन्ही हात काउंटरवर ठेवून उभा होता. हलत नव्हता, ओरडतही नव्हता. दिपिकाने पूर्वीच्या कानात सांगितलं, "हे शुक्रा. आपट्याच्या पुढच्या वाडीवरचे. बायको इथल्याच हॉस्पिटलमध्ये ॲडमिट आहे, तापाने. प्लेटलेट किती आहेत ते कळल्याशिवाय डॉक्टर पुढचं ठरवणार नाहीत. तपासणी झालीय, पण रिपोर्ट निघत नाही. मी बटण दाबलं नाही, तुम्ही सांगितलं म्हणून."

आत जाऊन पूर्वीने आधी सर्व्हर नाही, डॉक्टर कीर्तींना गाठलं.

"मॅडम, तपासणीच्या यंत्रावर आकडा दिसतोय ना?"

"यंत्रावर दिसतोय. रिपोर्टमध्ये येत नाहीये."

"मग हाताने लिहून सही करून द्या ना."

डॉक्टर कीर्ती स्वतःशीच हसल्या. "इतकी वर्षं छापील काढून सवयच गेली बघ," म्हणत त्यांनी लेटरहेड ओढलं, शुक्राच्या बायकोचं नाव 'शुक्री', वय आणि आकडा लिहिला, खाली सही आणि शिक्का. कागद हातात पडताच शुक्रा जिन्याने असा उतरला की पायऱ्यांवर त्याचे पाय टेकले की नाही तेही कळलं नाही.

आता पूर्वी मशीनसमोर बसली. जी गोष्ट बघायची तिला इतके दिवस आस होती ती समोर होती. सर्व्हर मेलेला नव्हता. प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता, पण कामांची रांग मात्र लांबच लांब. प्रत्येक काम कशाची तरी वाट बघत थांबलेलं. साधी डिस्कमधली जागा विचारणारी आज्ञा तिने दिली, तर तीही रांगेत जाऊन उभी राहिली आणि परत आलीच नाही. शेवटी नोंदींमध्ये एक ओळ उमटली. साठवणीचा डबा उत्तर देत नाही, अजून प्रयत्न करतोय.

लॅबचे सगळे रिपोर्ट सर्व्हरमध्ये नव्हते. ते शेजारच्या खोलीत, नेटवर्कने जोडलेल्या हार्ड डिस्कच्या एका काळ्या डब्यात साठवले जायचे. सर्व्हर दर वेळी त्या डब्याकडे कागद मागायचा. डबा गप्प राहिला की सर्व्हर इमानेइतबारे वाट बघत थांबायचा, आणि तो थांबला की त्याच्या मागे सगळी लॅब.

पूर्वी डब्याकडे जायला उठली, तोच रिसेप्शनमधून आनंदाचा गलका झाला. चालू झालं होतं. नोंदींमध्ये नवी ओळ होती: डबा उत्तर देतोय, सर्व ठीक.

"बघितलं?" इंद्रजीत म्हणाले. "तुम्ही आलात की घाबरून चालू होतो."

"सर्व्हरचा दोष नाहीच दादा. तुमच्या त्या डब्यात काहीतरी आहे."

इंद्रजीतचा चेहरा पडला. डबा त्यांनी स्वतः निवडून, घासाघीस करून आणला होता.

पूर्वीने डब्याच्या सेटिंगमध्ये शिरून बघितलं आणि तिला हवं ते सापडलं. वीज वाचवायला डबा मधूनमधून झोपत होता. काम नसलं की डिस्क थांबवायची आणि कोणी हाक मारली की पुन्हा फिरवायची, अशी ती सोय होती. जुन्या डिस्क जाग्या व्हायला वेळ लावतात, हे तिने आधी पाहिलेलं होतं. तिने ती सोय बंद केली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "झालं. आता नाही गोठणार." डॉक्टर कीर्तींनी सगळ्यांसाठी वडापाव मागवले. पूर्वीने दोन खाल्ले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी सर्व्हर गोठला.

इंद्रजीतनी फोन केला तो केवळ सांगण्यासाठी. "डबा जागा आहे, पूर्वी. टक्क जागा. दिवे लुकलुकतायत. मी समोर उभा आहे त्याच्या." त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि समाधान जास्त होतं. पूर्वीला कालचे वडापाव आठवून कानकोंडं झालं.

त्या आठवड्यात त्यांनी मिळून बऱ्याच गोष्टी बदलल्या. डब्याची केबल बदलली. ती लावायचं भोक बदललं. ज्या पेटीत सगळ्यांच्या केबल येऊन मिळतात ती स्विचची पेटी इंद्रजीतनी उत्साहाने नवी आणली. काहीही बदललं की एखादा दिवस सुरळीत जायचा, सगळे एकमेकांकडे बघून हसायचे, आणि मग कधीतरी भलत्याच वेळी स्क्रीन थिजायची. वेळेला काही धरबंधच नव्हता. गर्दी असताना व्हायचं, नसताना व्हायचं. सोमवारी व्हायचं आणि मग दोन दिवस नाही. पूर्वी झोपताना डोळे मिटायची तर पापण्यांच्या आत तीच ओळ यायची. अजून प्रयत्न करतोय.

"सोड ना ते," आई म्हणाली. "सांग त्यांना, दुसऱ्या कोनाला बघा."

"तो मुद्दाम करतोय असं वाटायला लागलंय गं मला."

"डबा?"

"डबा."

आईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

खरं म्हणजे तिला एक गोष्ट खटकत होती. गोठण्याच्या वेळी डबा खरोखरच जागा असायचा. त्याच्या स्वतःच्या नोंदींमध्ये काही म्हणजे काही बिघडलेलं नसायचं. डबा म्हणत होता, मला कोणी हाकच मारली नाही. सर्व्हर म्हणत होता, मी हाका मारून दमलो. दोघंही खरं बोलत असतील तर मग हाक जात कुठे होती?

मग एके दिवशी ती सकाळपासून लॅबमध्येच ठाण मांडून बसली. सकाळ सरली, डब्यात आणलेली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाऊन झाली. इंद्रजीतनी तिला बांधकामातल्या सिमेंटचे प्रकार समजावून सांगितले. शुक्रा आला. शुक्रीचा ताप उतरला होता, आज शेवटची तपासणी. तो दिपिकाला म्हणाला, "आज पन हातानंच लिवून द्या, त्योच कागद चांगला व्हता." आणि दिपिका त्याला छापील रिपोर्ट द्यायला वळली, तर स्क्रीन थिजलेली.

"ताई!"

पूर्वीची बोटं आधीच कीबोर्डवर होती. या वेळी तिने डब्याला नाही, सगळ्या नेटवर्कला प्रश्न विचारला. डब्याचा जो पत्ता होता तो घेऊन तिने जोरात हाक मारली: या पत्त्यावर कोण राहतं?

नेहमी अशा हाकेला एकजण उत्तर देतो आणि त्यासोबत स्वतःचा जन्मजात क्रमांक सांगतो, जो प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच मिळालेला असतो. स्क्रीनवर उत्तर आलं. मी राहतो. आणि लगोलग त्याच्याखाली दुसरं उत्तर आलं. मी राहतो. क्रमांक वेगळा होता.

"दोघं आहेत!" पूर्वी खुर्चीतून उठलीच. "मॅडम, दादा, दोघं आहेत!"

"कोण दोघं?" डॉक्टर कीर्ती हातातली काचपट्टी तशीच धरून धावत आल्या.

"डब्याचा जो पत्ता आहे तोच पत्ता सांगणारं दुसरं एक यंत्र आहे या इमारतीत. ते चालू झालं की सर्व्हर गोंधळतो. डब्याला मारलेली हाक त्या दुसऱ्याच्या दारात जाते. आणि त्याला बिचाऱ्याला तुमच्या रिपोर्टमधलं काय कळणार? ते बंद झालं की पुन्हा सगळं ठीक."

"कुठलं यंत्र?"

"तेच शोधायचंय. दादा, स्विचमधली कुठली केबल कुठे जाते त्याच्या चिठ्ठ्या कुठायत?"

"चिठ्ठ्या कशाला? मला पाठ आहेत." इंद्रजीतनी छाती पुढे काढली. तिघंही पेटीसमोर जमले. पूर्वी एकेका केबलला बोट लावायची आणि ते सांगायचे. रिसेप्शन. रक्त तपासायचं यंत्र. कॅमेरे. हजेरीचं मशीन. मॅडमचा कॉम्प्युटर. मग पूर्वीचं बोट एका निळ्या केबलवर आलं.

"ही... ही असू दे. काढू नका. काहीतरी असेल ती."

पूर्वीने ती उपसली.

एकाच वेळी दोन आवाज आले. बाहेरून दिपिका ओरडली, "झालं, चालू झालं!" आणि वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीतून एक खणखणीत बायकी आवाज खाली आला.

"इंद्र्या! रं इंद्र्या! परत गेला रं तुझा नेट!"

डॉक्टर कीर्ती आणि इंद्रजीत यांनी एकमेकांकडे बघितलं.

"आई," दोघं एकदम म्हणाले.

वर जाताना इंद्रजीत पुटपुटत होते. निळी केबल वरच्या टीव्हीची, आत्ता आठवलं. पण टीव्हीने असं कशाला करावं? आईला तर टीव्हीवर मालिकाही नको असतात. हां, लॅबचा जुना लॅपटॉप त्यांनी आईला दिला होता, गेल्या महिन्यात. कपाटात पडून होता, आई म्हणाली फोनवर चित्र बारीक दिसतं, म्हणून काढून दिला. भजनं बघते त्यावर.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पलंगावर मांडी घालून चंद्रावती बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, समोर पाटावर लॅपटॉप. टीव्हीच्या मागची केबल उपसून लॅपटॉपला जोडलेली. त्या लॅपटॉपच्या पडद्यावर टिचक्या मारत होत्या, जसं एखादं अडलेलं घड्याळ चालू करतात.

"काय करते आई?" इंद्रजीतनी विचारलं.

"पोरीला शिकवते. आन तुझा नेट मना शिकवून देत नाय. गेला महिनाभर चाललंय. गानं ऐन रंगात येतं आन पोरीचं तोंड उघडंच्या उघडं र्‍हातं, हलतच नाय."

पूर्वीने पुढे होऊन ओळख सांगितली, लॅपटॉप जरा बघू का विचारलं आणि पलंगाच्या कडेला बसली. चंद्रावतींनी तिला निरखून विचारलं, "कुनाची गो तू?" कामोठ्याची म्हटल्यावर तीन पिढ्यांची चौकशी झाली, आणि पूर्वीची आजी नि आपण एका मांडवात गायलो होतो असा शोधही लागला.

चंद्रावती धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. ते म्हणणारी, आणि मागून साऱ्या बायकांकडून म्हणवून घेणारी बाई म्हणजे धवलारीण. एके काळी पनवेलपासून उरणपर्यंत लोक तारीख काढायच्या आधी चंद्रावतींना विचारायचे. मग डीजे आले, आणि मग इंद्रजीतचं लग्न डॉक्टर मुलीशी झालं.

"मी तुला सांगितलं होतं ना," इंद्रजीत दारातच उभे होते. आवाज चढला नव्हता, पण जड झाला होता. "दुसऱ्याच्या मांडवात जायचं नाही म्हणून. लोक काय बोलतात..."

"मांडवात जाऊ नको बोललास. मी गेले का मांडवात?" चंद्रावतींनी शांतपणे विचारलं. "मी माझ्या पलंगावर बसलेय."

डॉक्टर कीर्ती नवऱ्याकडे वळल्या. "तू असं सांगितलं होतंस त्यांना? कधी?"

"आपलं लग्न झाल्यावर. तुझ्या घरचे लोक काय म्हणतील म्हणून..."

"माझ्या घरचे? माझी आई अजून विचारते, तुझ्या सासूबाई लग्नात गायल्या होत्या ते पुन्हा ऐकायला मिळेल का. मला वाटलं त्यांनी स्वतःहून सोडलं. आई, तुम्ही मला का नाही बोललात?"

"तू इचारलंस कदी?" चंद्रावती म्हणाल्या. त्यात राग नव्हता. जेवायला भात की भाकरी असं सांगावं तितक्या सहज त्या बोलल्या. "तुमी दोगं खाली रक्त बघता, मी वर गाते. कोनाला काय तरास? तरास झाला तो या नेटचा."

पूर्वीने मान खाली घालून आपलं काम केलं. लॅपटॉपचा जन्मजात क्रमांक तिच्या फोनमधल्या दुसऱ्या उत्तराशी तंतोतंत जुळला. लॅपटॉप लॅबमध्ये होता तेव्हा इंद्रजीतनी व्हिडिओ बघून त्यात लिनक्स टाकलं होतं, आणि त्याला हाताने एक कायमचा पत्ता दिला होता. पुढे डबा आणला. त्यालाही कायमचा पत्ता हवा होता. त्यांनी तोच दिला, कारण तोच पाठ होता. लॅपटॉप कपाटात होता तोवर सगळं सुखात होतं. तो बाहेर आला आणि एका पत्त्यावर दोघं नांदायला लागले. कधी सर्व्हरची हाक लॅपटॉपकडे जायची, कधी चंद्रावतींचं गाणं डब्याकडे. खाली रिपोर्ट थिजायचे तेव्हा वर पोरीचं तोंड उघडं राहायचं.

"माझ्यामुळं तुमचं काम अडत व्हतं?" चंद्रावतींनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला. "खाली आजारी मान्सं येतात. मना ठावंच नव्हतं गो."

"तुमच्यामुळे नाही आजी. पत्ता चुकीचा दिला होता, तुम्ही काय करणार?"

पूर्वीने इंद्रजीतकडे मुद्दाम बघितलं नाही. तेच पुढे आले आणि घसा खाकरून म्हणाले, "माझी चूक आहे. दोन्ही पत्ते मी टाकले."

पूर्वीने लॅपटॉपचा कायमचा पत्ता काढून टाकला, आता राउटर देईल तो पत्ता त्याने घ्यायचा. मग खाली जाऊन निळी केबल परत लावून आली. डॉक्टर कीर्तींनी जिन्यातून दिपिकाला ओरडून विचारलं, चालू आहे का? चालू होतं. वर पडद्यावर एक मुलगी पुन्हा प्रकट झाली. चष्मा, मोकळे केस, मागे पुण्यातल्या एखाद्या भाड्याच्या खोलीची पांढरी भिंत.

"आजी, परत गेलेलं ना? आणि हे सगळे कोण?" ती गोंधळली.

"हा माझा पोरगा, ही सून, आन ही नेटवाली. ही वसुंधरा. उरनची हाय, पुन्यात कामाला. लग्न हाय पोरीचं. बोलते, डीजे नको, गानी पायजेत. पन हिच्या घरात आता कोनाला येत नाय, म्हनून हीच शिकते. हिच्या दोन भैनी पन शिकतात. वेळ गावंल तवा फोन करतात."

म्हणून वेळेला धरबंध नव्हता. पूर्वीला हसू आवरेना. ज्या गोष्टीसाठी तिने तापमानाचे, विजेचे, गर्दीचे तक्ते काढले होते ती गोष्ट वसुंधराच्या ऑफिसातल्या सुट्टीवर ठरत होती.

"म्हन," चंद्रावती पडद्याला म्हणाल्या, आणि कोणाची वाट न बघता त्यांनीच उचललं. हळद दळायचं गाणं होतं. जात्याला, सुपाला, उंबऱ्याला, एकेकाला नावाने बोलावत जाणारं. आवाज आता पहिल्यासारखा नसेल, वरच्या सुरात तो जरा फाटत होता, पण त्या खोलीत तो मावत नव्हता. पडद्यावरून वसुंधरा मागोमाग म्हणत होती. आणि ती एकदाही थिजली नाही.

गाणं संपलं तेव्हा डॉक्टर कीर्तींच्या हातात काचपट्टी तशीच होती. इंद्रजीत दाराला टेकून उभे होते. थोड्या वेळाने ते जिना उतरून खाली गेले, आणि पूर्वी खाली आली तेव्हा ते स्विचच्या पेटीसमोर बसून प्रत्येक केबलला चिठ्ठी चिकटवत होते. निळ्या केबलवर त्यांनी लिहिलं, 'आई'.

पुढे पूर्वी रोज घरून लॅबच्या सर्व्हरकडे एक नजर टाकायची. तो गोठला नाही. वर गाणं चालू असतानाही गोठला नाही. दिपिकाने बटणावरचा कागद काढून टाकला आणि शुक्रीच्या शेवटच्या तपासणीचा आकडा चांगला आल्याचं पूर्वीला फोन करून आवर्जून कळवलं.

इंद्रजीतनी त्या दिवसानंतर घरात लग्नाचा विषय काढला नव्हता. चंद्रावतींनीच एके दिवशी जेवताना काढला. परवानगी मागितली नाही. "वसुंधराच्या हलदीला मी जानार हाय. पोरगी बोलते, गाडी पाठवते."

इंद्रजीत बराच वेळ भात कालवत राहिले. "लोकांची गाडी कशाला?" शेवटी ते म्हणाले. "आपली आहे ना. मी सोडतो."

पूर्वीला आमंत्रण चंद्रावतींनी स्वतः फोन करून दिलं, "नेटवाल्या पोरीनं आलंच पायजे." इंद्रजीतच्या गाडीत पुढे ते आणि चंद्रावती, मागे डॉक्टर कीर्ती, पूर्वी आणि तिची आई. उरणच्या वाटेवर द्रोणागिरीच्या गोदामांपाशी कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि इंद्रजीत वैतागून हॉर्न वाजवत होते. चंद्रावती खिडकीबाहेर बघत होत्या. "हितं आमच्या मीठागराचं पानी व्हतं," त्या एकदा म्हणाल्या, बस्स.

मांडवात पोचल्यावर मात्र त्या बदलल्या. कोणीतरी पाट मांडला, कोणीतरी पाणी आणलं, म्हाताऱ्या बायका "चंद्री आली गो" म्हणत सरकून सरकून त्यांच्याभोवती बसल्या. वसुंधरा पिवळी साडी नेसून समोर. तिच्या बहिणी कडेला, वह्या न घेता, पाठ करून आलेल्या. मांडवाच्या कोपऱ्यात नवऱ्या मुलाच्या एका काकाने हौसेने आणलेला डीजे स्पीकरची चाचणी घेत होता आणि मधूनच धडाम असा आवाज काढत होता. इंद्रजीत त्याच्याकडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण डीजेने वायरी काढल्या आणि तोही खुर्ची ओढून बसला.

चंद्रावतींनी पहिली ओळ उचलली. बायकांनी ती झेलली. दुसरी उचलली, तीही झेलली गेली. पूर्वीच्या आईला सगळं येत होतं. पूर्वीने इतक्या वर्षांत तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं, ती अवाक होऊन बघतच राहिली.

"बगते काय? म्हन की," चंद्रावतींनी दोन ओळींच्या मधल्या श्वासात तिला दटावलं.

"मला शब्द येत नाहीत आजी."

"मग मोट्यानं म्हन. शब्द मागून येतील."

पूर्वीने तोंड उघडलं आणि भलताच शब्द भलत्याच ठिकाणी म्हटला. शेजारच्या बाया खदखदून हसल्या, आईने कपाळावर हात मारला. पण गाणं काही थांबलं नाही. पुढच्या ओळीला पूर्वी आणखी मोठ्याने शिरली.